हायस्कूल ग्रॅज्युएशनला प्रेक्षकांत बसताना (अमेरिकावाल्यांनो, लिहा)

निळी_छत्री
शाळेची मेल आली, बारावी संपल्याच्या समारंभाची. घरटी ६ तिकिटं, फुगे नकोत, एअर हॉर्न नको, टाळ्या शेवटी एकदाच. 'एअर हॉर्न' वाचलं आणि थोरल्याच्या वेळचा तो भोंगा परत कानात वाजला. मे संपत आलाय, घरोघरी भारतातून आजी-आजोबा येऊन दाखल झालेत. आपल्याला गॅदरिंगच्या शिट्ट्यांची सवय. तर तिथे कसं वागायचं ते माहीतगारांनी लिहा, बारीकसारीकही चालेल.

गणिती_काका
नाव पुकारून स्टेजवरून जायला एका मुलाला साधारण ८ सेकंद मिळतात. ४०० मुलं म्हणजे ३२०० सेकंद, ५३ मिनिटं नुसती नावं. नाव वाचणारा तुमच्यासाठी थांबत नाही, कारण थांबला की स्टेजच्या रॅम्पवर मुलं तुंबतात. तुमचा जल्लोष ५-६ सेकंद चालला तर पुढच्या पोराचं नाव त्यात बुडालं. त्याचेही आजी-आजोबा तेवढ्याच एका नावासाठी येऊन बसलेले असतात. म्हणून ओरडायचंच तर नाव पूर्ण उच्चारून झाल्यावर, एकदाच, दोन सेकंद. शाळेने टाळ्या शेवटी म्हटलं असेल तर तेवढंही नाही.

खमंग_थालीपीठ
८ सेकंदांत 'सहस्रबुद्धे' बसवून दाखवा 😄

गणिती_काका
त्यांना दोन मुलांचा कोटा.

शुद्धलेखन_पोलीस
हसू नका, नावांचं काम आधी करायचं असतं. रंगीत तालमीला मुलांना कार्ड देतात, त्यावर उच्चार लिहायचा असतो. मुलं घाईत नुसतं स्पेलिंग उतरवतात आणि घोळ होतो. 'ज्ञानदा' डी-एन-वायने सुरू होतं, वाचणारा तिथेच अडखळतो. तुकडे पाडून लिहा: दन्-यान-दा, जोर कुठे तो भाग मोठ्या अक्षरांत. साठे, मराठे वगैरेंत टी-एच दिसला की इंग्रजी 'थ' येणारच. कार्डावर एच गाळा. 'साटे' म्हणतील, पण 'सेथ'पेक्षा बरं. आणि घरच्यांना सांगून ठेवा की नाव कसंही उच्चारलं तरी प्रेक्षकांतून दुरुस्ती ओरडायची नाही. हे होतं, खरंच होतं.

सॅन_होजेची_माई
क्रम घाईत लिहिते, भाजी गॅसवर आहे. बँड एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची 'पॉम्प अँड सरकमस्टन्स' ही धून सुरू करतो (चाल १९०१ ची, १९०५ ला येल विद्यापीठात वाजली, तिथून ही प्रथा रुळली). त्यावर मुलं चालत येतात. तेव्हा मधल्या वाटेत फोन घेऊन उभं राहू नका, रांग तुम्हाला वळसा घालून जाऊ शकत नाही. राष्ट्रगीताला सगळे उभे. व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांनी नुसतं ताठ उभं राहिलं तरी बरोबर, छातीवर हात ठेवायलाच हवा असं नाही. मग भाषणं, नावं, आणि शेवटी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे. तो सगळे एकदम फिरवतात. जोरात टाळ्या तेव्हा वाजवा, हवा तेवढा दंगा करा.

आपटे_ए_वरून
आमच्यासारख्यांचं नाव पहिल्या दहा मिनिटांत होतं आणि मंडळी उठायला लागतात. बसा! पटेल, शाह, वाघ, सगळे व्हायचेत. मुलांची शेवटची रांग बाहेर पडेपर्यंत प्रेक्षकांनी जागेवरच राहायचं असतं, नाहीतर दारात दोन्ही गर्द्या एकमेकींवर आदळतात.

टेक्सासचं_ऊन
स्टेडियममध्ये असेल तर बाकडी ॲल्युमिनियमची. पाठ टेकायला काही नाही, आणि दुपारभर तापलेली. माणशी एक उशी किंवा जाड टॉवेल घ्याच. गुडघेदुखीवाल्यांसाठी व्हीलचेअरची जागा शाळेला आधी मेल करून मागा. तिथे सोबत सहसा एकालाच बसू देतात, अख्ख्या कुटुंबाला नाही. पर्स बऱ्याच ठिकाणी पारदर्शकच लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. ओढणी पसरून आठ जागा अडवू नका. आणि छत्री उघडू नका, मागच्या पाच जणांना स्टेज दिसत नाही.

खमंग_थालीपीठ
@निळी_छत्री आयडी बदला आता 😂

निळी_छत्री
रेनकोट करते!

लेन्सवाला
फोटोचं. शाळेचा फोटोग्राफर हस्तांदोलनाच्या वेळी एक काढतो, बऱ्याचदा स्टेज उतरल्यावर आणखी एक. लांबून फोनच्या झूमने येतो तो नुसता ठिपका. टॅब डोक्यावर धरणाऱ्यांना तर काय म्हणावं. भारतात दाखवायचं तर लाइव्ह प्रक्षेपणाची लिंक आधी पाठवा, मांडीवर स्पीकर लावून व्हिडिओ कॉल नको, सगळी रांग तुमच्या मावशींचं 'दिसत नाही गं' ऐकते. वेळ मात्र नीट कळवा. कॅलिफोर्नियात संध्याकाळी ७ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३०. न्यूयॉर्कचे ७ म्हणजे पहाटे ४:३०.

पहाटपाखरू
४:३० ला आमचे बाबा उठलेलेच असतात, लिंकची वाट बघत 🙂

काकूबाई_डॉट
एक राहिलं. स्टेजवर मिळते ती फाइल बऱ्याच शाळांत रिकामी असते. पुस्तकं परत केली, दंड भरला की मग खरं प्रमाणपत्र हातात. तिथल्या तिथे उघडून 'अगं, यात काहीच नाही' असं मोठ्याने म्हणू नका.

रविवारची_मिसळ
हार, फुलं, पेढे सगळं नंतर, बाहेर मैदानावर. हार घेऊन स्टेजकडे धावणाऱ्याला अडवतात आणि फजिती पोराची होते. मुलाच्या मित्रांना द्यायला काजूकतली नको, ॲलर्जीवाले असतात. पिस्ता लावलेले पेढेही नकोत, वरून काढला तरी अंश राहतो.

सॅन_होजेची_माई
पेढे गाडीत दोन तास?

रविवारची_मिसळ
बर्फाच्या डब्यात. पण डब्याला घट्ट झाकण हवं, पाणी शिरलं की लगदा.

टेक्सासचं_ऊन
पार्किंगला किती आधी निघायचं ते कुणी लिहिलंच नाही.

आपटे_ए_वरून
दीड तास. आणि गाडी बाहेर पडायच्या दिशेला तोंड करून लावा.

सॅन_होजेची_माई
भाजी लागली 😑