अनोळखी नंबर नेटवर शोधून माणूस कळतो का?

रानवारा: अनोळखी नंबरला उलट फोन करण्याआधी तो नेटवर शोधावा, असं माझं ठाम मत. नंबर अवतरणचिन्हांत टाका, तोही तीन तऱ्हांनी: दहा आकडे सलग, पाच-पाच तोडून, आणि पुढे +९१ लावून. दुकान, दवाखाना, क्लास असेल तर जाहिरातीत किंवा नकाशावरच्या नोंदीत बहुधा सापडतो.

तारयंत्र: सापडतो, पण खरा कशावरून? खोटे कस्टमर केअर नंबर नेटवर मुद्दाम पेरलेले असतात. बँकेच्या नावासमोर तोच नंबर दिसला की माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. 'मालकाचं नाव पाहा' म्हणणारी पानं तर नुसती 'महाराष्ट्र व गोवा सर्कल' एवढंच सांगतात. तेही सुरुवातीच्या आकड्यांवरून, म्हणजे नंबर मुळात कुठे दिला गेला ते. २०११ पासून देशभर पोर्टिंग आहे, कंपनी बदलली तरी आकडे तेच राहतात. शिवाय बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, नेटवर मात्र जुनंच नाव राहतं.

रानवारा: ट्रूकॉलर तर नाव दाखवतं ना?

तारयंत्र: ते बरंचसं लोकांनी सुचवलेलं नाव. सिमकार्ड घेताना दिलेल्या कागदपत्रांशी त्याचा संबंध नाही. भामटा स्वतःला 'केवायसी विभाग' म्हणवून घेऊ शकतो.

पिंपळपान: त्यापेक्षा यूपीआय अ‍ॅपमध्ये नंबर टाका. खातं जोडलेलं असेल तर पैसे पाठवण्याआधीच बँकेतलं नाव दिसतं. तिथेच थांबायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघायला नंबर सेव्ह करू नका. फोटोची सेटिंग 'माझे संपर्क' असेल तर तुमचाच फोटो त्याला दिसू लागतो.

तारयंत्र: युक्ती चांगली, पण भाड्याने घेतलेल्या खात्यावरही खऱ्याच माणसाचं नाव असतं. आणि स्क्रीनवरचा नंबरच बनावट असेल तर शोधणार काय? समोरचा 'बँकेतून बोलतोय' म्हणाला तर फोन ठेवून द्या आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर स्वतः लावा. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, १६०० ची मालिका बँक-विम्याच्या सेवा-कॉलसाठी. संशयास्पद कॉल संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार-सुविधेत नोंदवा. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

रानवारा: बँकेपुरतं मान्य. पण प्लंबर, शाळेची बस, सोसायटीचं ऑफिस यांचे फोनही अनोळखीच असतात, त्यांच्या कार्डामागे नंबर नसतो. तिथे मी शोधणारच.