श्रीनगर-लेह-मनाली, एकाच बाजूने सात दिवस : आपापलं लिहा

कोयनाकाठ :
काल मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर एक बुलेट उतरवलेली दिसली. गोणपाटात शिवलेली, टाकीवर पुठ्ठा, आरसे काढलेले, पुठ्ठ्यावर मार्करने 'चंदीगड ते मिरज'. चेनकव्हरवर राखाडी चिखल वाळून घट्ट बसलेला. तो चिखल बघितला आणि लेहचा सगळा रस्ता डोळ्यासमोर उभा राहिला. सातारा-सांगलीतून दरवर्षी कितीतरी मंडळी जातात, पण माहिती ज्याच्या त्याच्या डोक्यातच राहते. म्हणून हा धागा. श्रीनगरकडून आत, मनालीकडून बाहेर, गेलेल्या वाटेने परत नाही.

आखणी अशी: पहिला मुक्काम सोनमर्ग (२,७४० मीटर), दुसरा कारगिल (२,६७६), तिसरा लेह (३,५००). चौथा-पाचवा दिवस लेहमध्येच. सहाव्या दिवशी पहाटे पाचला निघून जिस्पा, सुमारे ३३५ किमी. सातव्या दिवशी अटल बोगद्यातून मनाली. दिशा उलटी करू नका. मनालीहून चढलात तर एकदोन दिवसांतच सरचूला ४,२९० मीटरवर झोपायची वेळ येते आणि डोकं ठणकायला तिथेच सुरुवात होते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. कारगिल ते लेह या टप्प्यात ते पाळलं जात नाहीच, म्हणून लेहला दोन दिवस. त्यातला दुसरा राखीव समजा. सोनमर्गपुढची झोजिला खिंड बंद पडली तर तोच दिवस उपयोगी येतो.

मिरज_जंक्शन :
पार्सलचं मी लिहितो. जाताना पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू. गाडी पुण्यातूनच सुटते, त्यामुळे चढवायला वेळ मिळतो. मधल्या स्टेशनांवर पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा असला की पार्सल घेत नाहीत. आरसी आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स. टाकी पूर्ण कोरडी हवी, नुसता वास आला तरी परत पाठवतात. पॅकिंगवाले टाकी आणि हँडल नीट बांधतात, इंडिकेटर विसरतात, ते घरूनच काढून डिकीत टाका. फॉर्मवर गाडीची खरी किंमत लिहून त्यावरचा जादा टक्का भरा. नाही भरला तर नुकसानभरपाई वजनावर मिळते आणि ती गाडीच्या किमतीच्या आसपासही जात नाही.
जम्मू ते श्रीनगर हा दिवस सातात धरू नका, वेगळा ठेवा.

वारणातीर :
परतीला चंदीगड-यशवंतपूर संपर्क क्रांती. पुणे, मिरज करून जाते. ती बुलेट त्यातनंच आली असणार.

गॅरेजवाला_कराड :
सोबत काय न्यायचं: क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, दोन ट्यूब, चेनलॉक, प्लग, फ्यूज, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर. नवी क्लच वायर बॅगेत ठेवू नका. जुन्या वायरीला चिकटवून हँडलपासून इंजिनपर्यंत आताच ओढून टेपने बांधून टाका. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, थंडीत बोटं वळत नसताना टाकी उघडायला लागत नाही.

झोजिलाच्या चिखलात लोक हाफ क्लचवर गाडी खेळवतात आणि द्रासच्या आधीच प्लेटा जाळून बसतात. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पाय खाली सोडून सावकाश. अडकलात तर इंजिन बंद करून ढकला. ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा, हे केळघर घाटातही लागू आहे, फक्त लेहच्या वाटेवर उतार चाळीस-चाळीस किमी चालतो. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर डिस्क तापून लिव्हर मऊ लागायला लागतो.

आणखी एक. लेह-मनाली वाटेवरच्या टांगलांग ला खिंडीत (५,३२८ मीटर) चाकातली हवा मोजू नका. बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून गेज पाच-सहा पीएसआय जास्तच दाखवतो. लोक ती हवा सोडतात आणि खाली मनालीत रिम वाकवून घेतात.

सुनंदा_वाई :
भडंग नेणार असाल तर हवाबंद पाकिटं नकोत. वर गेल्यावर डग्ग्यासारखी फुगतात आणि बॅगेत फुटतात. स्टीलच्या डब्यात न्या. लेह-मनाली वाटेवर पांगच्या तंबूत डाळ-भात मागितला तर भात कच्चट लागतो, त्यांचा दोष नाही, तिथे पाणी साधारण ८४-८५ अंशांनाच उकळतं. मॅगी आणि अंडी बरी. सोबत शेंगदाण्याची चटणी हवीच.

औषधवाला_सांगली :
सुनंदाताई, शेंगचटणीला माझंही मत.
डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) कोणी विचारायच्या आधी: साधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी हात लावायचा नाही आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणीच नाही. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. लेहमध्ये ऑक्सिमीटरवर ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे. बोटं गार असतील तर आकडा खोटा येतो, आधी हात चोळा. पत्र्याच्या डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर पुढे जाऊ नका. माणूस सरळ रेषेत चालताना झोकांड्या खायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असलात तरी खाली उतरवा. लेहमध्ये असाल तर सोनम नोर्बू हॉस्पिटल.

घाटवाट_५० :
कोयनाकाठ दादा, सहाव्या दिवसाशी मी सहमत नाही. लेहहून पाचला निघालं तरी सरचूपुढच्या बारालाचा खिंडीत (४,८९० मीटर) पोचेपर्यंत दुपार टळते. बर्फ दिवसभर वितळतं, त्यामुळे रस्त्यावरचे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात तिथे चारला गुडघ्याला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये सरचूला थांबा, सकाळी सातच्या आत ओढे पार करा. लेहमध्ये तीन रात्री झोपलेल्याला सरचू मनालीहून आलेल्याइतकं जड जात नाही.

कोयनाकाठ :
पटलं. जुलै-ऑगस्ट असेल तर सरचू, सप्टेंबर उतरताना जिस्पा. माझा हिशेब सप्टेंबरचा होता. पावसाळ्यात मंडी-कुल्लूकडे दरडीही फार. २०२३च्या जुलैत बियासने तिकडचा रस्ताच नेला होता.

कासवेडा :
सप्टेंबरात कास सोडून कुठे जाता 🙂 तेरड्याचे गुलाबी गालिचे तेव्हाच असतात! पण खरंच, फुलांसाठी जायचं तर तिकडे जुलै. बारालाचाच्या अलीकडे-पलीकडे खडकाच्या खोबणीत निळी खसखस फुलते, काटेरी देठ, रेशमासारख्या पाकळ्या. कासच्या सड्यासारखीच तिथे माती बोटभर. पाय जपून ठेवा.

जतकर :
जून ते सप्टेंबर बारालाचाच्या बाजूला गद्द्यांच्या (हिमाचलचे मेंढपाळ) मेंढ्या भेटतील, हजार-हजारचा कळप. हॉर्न नगं. कळप दरीकडं बुजतो. गाडी डोंगराच्या अंगाला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांत आपोआप वाट मोकळी होते. कुत्री माणसावर येत नाहीत, मेंढरांच्या मधून चालत शिरलात तर येतात. आमच्या माडग्याळ मेंढ्यांच्या मानानं ती मेंढी बुटकी, पण लोकर दाट.

विट्याची_लेक :
आईबाबा ६८ आणि ६४चे. गाडी चालवणं शक्य नाही. त्यांना एकाच बाजूने नेता येईल का? कोणी सांगेल का?

घाटवाट_५० :
ताई, येईल की. श्रीनगरहून लेहपर्यंत काश्मीरची टॅक्सी, पुढे मनालीपर्यंत लेहची टॅक्सी. लेहच्या भाड्याचा दरफलक टॅक्सी युनियनचा ठरलेला असतो. परत रिकामं जायचं भाडं त्यात धरलेलं असतं, म्हणून आकडा मोठा वाटतो. काश्मीरच्या टॅक्सीने लेहमध्ये पँगाँग-नुब्रा फिरता येत नाही, त्यासाठी तिथलीच गाडी. दोघांचं बीपी, साखर तपासून घ्या आणि आधी फिजिशियनला दाखवा. त्यांच्यासाठी लेहमध्ये तिसरा दिवसही वाढवा.

औषधवाला_सांगली :
बाबांना हृदयाची किंवा दम्याची गोळी चालू असेल तर तारीख ठरवायच्या आधी सांगा ताई, इथेच विचारा.

नेर्ले_नाका :
पेट्रोल: लेह किंवा कारूला टाकी गच्च. पुढे टांडीपर्यंत साधारण ३३० किमी पंप धरूच नका. लिटरला ३० देणारी, १३ लिटर टाकीची गाडी कागदावर ३९० जाते, पण चढाला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला ॲव्हरेज पडतं. पाच लिटर जादा ठेवा. कॅन सायलेन्सरच्या उलट बाजूला बांधा आणि झाकण हळूहळू सोडा, आत दाब साचलेला असतो.
महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, घरून निघायच्या आधी पोस्टपेड करा. उपशी ते जिस्पा नेटवर्क धरू नका. रोख पैसे कारगिललाच काढून ठेवा.

झोजिलाची वेळ आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या, रोज बदलते.

मिरज_जंक्शन :
कोयनाकाठ, ती बुलेट कोणी सोडवून नेली का? ओळखीच्या कोणाची असेल तर निरोप द्या. मोफत मुदत संपली की तासाच्या हिशेबाने वार्फेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चढतं. सोडवायला पावतीची मूळ प्रत लागते, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आणि गेटबाहेर काढण्याआधी गोणपाट तिथेच उसवून बघा. काही मोडलेलं दिसलं तर आत असतानाच लिहून घ्यायला लावा.