'नटसम्राट'च्या पलीकडचे डॉ. लागू
डॉ. श्रीराम लागू यांची खरी ओळख 'नटसम्राट' हीच, असे मत अनेकदा मांडले जाते. ते मला अपुरे वाटते. घशाच्या शस्त्रक्रिया करणारा, पुण्यात आणि टांझानियात वैद्यकी केलेला हा माणूस 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, बांधलेला व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाला, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर साकारताना त्यांनी ज्या ताकदीने नाटककार शिरवाडकरांची भाषा पेलली, तिच्या मागे भालबा केळकरांच्या पी.डी.ए. (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेतील हौशी रंगभूमीची दीर्घ तालीम होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच 1970 साली त्यांनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' हे नाटक दिग्दर्शित केले. त्यातील रमा या पात्राच्या साडीवरील लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतल्यावर डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे रंगमंचावरून सांगण्यात आले. नाटककाराच्या पाठीशी असे उभे राहणारे नट आपल्याकडे फार थोडे झाले, आणि माझ्या लेखी हे धैर्य त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतकेच मोलाचे आहे.

पडद्यावरही 'पिंजरा'तील मास्तरांपेक्षा मला 'सामना'तील मास्तर अधिक अस्सल वाटतात, कारण निळू फुल्यांच्या हिंदुरावासमोर लागू आपला भारदस्त आवाज मुद्दाम आवरून धरतात आणि 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न एखाद्या थकलेल्या माणसाच्या हट्टासारखा पुन्हा पुन्हा विचारत राहतात. हिंदीत मात्र 'घरौंदा'सारखा अपवाद वगळता त्यांच्या वाट्याला त्यांच्या तोलाचे काम क्वचितच आले.