डिसेंबरचा सिनेमा: ‘उंबरठा’ की ‘जैत रे जैत’?

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, १३ डिसेंबरला स्मिता पाटीलचा स्मृतिदिन. त्याच आठवड्यात लायब्ररीचा हॉल मिळालाय, पण तीनच तास. म्हणजे सिनेमा एकच बसेल. माझं मत ‘उंबरठा’ला. हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. वडापाव आहेच.

प्रेषक: काका (जुने सभासद)

हरकत आहे! ‘उंबरठा’ मोठा सिनेमा, मान्य. पण तो बघून लोक त्यातली नायिका सुलभा बरोबर की चूक यावर भांडत घरी जातात, स्मिता राहते बाजूला. १९७७ साली तिचे ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ दोन्ही आले. एकीकडे नटी हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून घेतलेली उषा, दुसरीकडे ठाकर आदिवासींची चिंधी. वय जेमतेम बावीस! चिंधी नवऱ्याला सोडून येते आणि नाग्यावर जीव जडलाय हे कुणापासून लपवत नाही. जे आहे ते सगळं अंगावर, डोळ्यांत. शिवाय महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली. गाण्यांसाठी तरी पोरं येतील.

प्रेषक: मावशी

काका, चिंधीबद्दल वाद नाही. पण मी स्मिताला आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना पाहिलंय. (जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची म्हणे. आम्हाला दिसायचा फक्त पदर.) बातमी कसलीही असो, चेहरा आवरून वाचायची. मला वाटतं, पुढे तेच तिच्या कामी आलं. सगळे तिला भावनाप्रधान नटी म्हणतात, पण ती भावना ओतत नाही, अडवून धरते. ‘उंबरठा’त सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते, कमिटीशी झगडते, घरी परतते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. तेंडुलकरांनी लिहिलेला हा प्रसंग दुसऱ्या कुणी हुंदक्यांवर नेला असता. ही आकांत करत नाही, म्हणून आपल्याच घशाशी येतं. आणि १९८२ हे साल बघा: ‘उंबरठा’, ‘बाजार’, ‘अर्थ’, शिवाय ‘शक्ती’ आणि ‘नमकहलाल’. सुलभा करणारी बाई त्याच वर्षी अमिताभबरोबर पावसात नाचते! ते मला तेव्हा रुचलं नव्हतं, आजही फारसं रुचत नाही. पण पुढे उरली होती जेमतेम चार वर्षं. १९८६ मध्ये बाळंतपणानंतर गेली, एकतिसाव्या वर्षी. ‘मिर्च मसाला’ तर ती गेल्यावर लागला.

प्रेषक: कार्यक्रम समिती

ठरलं. ‘उंबरठा’ पूर्ण, आणि लोक स्थिरस्थावर होईपर्यंत ‘जैत’मधली दोन गाणी. काका, चालेल?

प्रेषक: काका

दोन नाही, तीन. ‘मी रात टाकली’ गाळलंत तर माझे वडे मावशींना द्या.