‘सेग्रिगेशन’साठी नेमका मराठी शब्द कोणता?

शब्दवेध: अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या 1890 च्या कायद्यावरील एका लेखाचे मी भाषांतर करत आहे. गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांसाठी ‘समान पण वेगळे’ डबे ठेवणे या कायद्याने रेल्वे कंपन्यांना बंधनकारक केले होते आणि नेमून दिलेल्या डब्याबाहेर बसण्याचा आग्रह धरणाऱ्यास 25 डॉलर दंड किंवा 20 दिवसांपर्यंत कैद होती. मी ‘विलगीकरण’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘वर्णभेद’ केले. ‘विलगीकरण’ म्हटले की करोनाकाळातला कक्षच डोळ्यांपुढे येतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु भेद ही वृत्ती झाली. मला कायद्याने उभारलेल्या व्यवस्थेसाठी शब्द हवा आहे.

रानवाट: ‘वर्णभेद’ नकोच. आपल्याकडे ‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्य आधी आठवते, आणि इथे तर रंगही निर्णायक नव्हता. होमर प्लेसी यांच्या पूर्वजांपैकी सात-अष्टमांश गोरे होते. 7 जून 1892 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ते गोऱ्यांच्या डब्यात बसले, विचारल्यावर आपला वंश सांगितला आणि उठण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना अटक झाली. ‘वांशिक पृथक्करण’ हाच शब्द योग्य.

ओसरी: ‘पृथक्करण’ प्रयोगशाळेत शोभते. माणसांना वेगळे बसवण्याचा अनुभव आपल्या भाषेला नवा नाही. आमची आजी अशा वागण्याला सरळ ‘पंक्तिप्रपंच’ म्हणत असे. तो शब्द का घेऊ नये?

रानवाट: ओसरी, पंक्तिप्रपंचात पंगत एकच असते आणि वाढताना डावे-उजवे होते. इथे नेमका उलट दावा होता: वाढप सारखे, फक्त पंगत वेगळी. 1896 साली प्लेसी यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने तो दावा मान्य केला.

बाराखडी: त्या कायद्यातील एक अपवाद पाहा, म्हणजे ‘विलगीकरण’ का चुकते ते कळेल. दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना हा कायदा लागू नव्हता. गोऱ्यांचे मूल मांडीवर असेल तर काळी बाई त्यांच्या डब्यात बसू शकत होती, एकटी बसू शकत नव्हती. शिवाशिवीत स्पर्शच वर्ज्य असतो. इथे सेवेकरिता स्पर्श चालत होता, बरोबरीने बसणे चालत नव्हते. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत देताना हेच सुनावले की, या कायद्याचा रोख कोणाला दूर ठेवण्यावर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी ‘सक्तीची वेगळीक’ सुचवते. त्यातील ‘सक्ती’ मला गाळवत नाही.

शब्दवेध: ‘वेगळीक’ आवडले, परंतु कायद्याच्या लेखात ते घरगुती वाटेल. आणखी एक अडचण आहे. अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘समान संरक्षण’ वाचून एका मित्राला पोलीस बंदोबस्त आठवला.

ओसरी: तरीही ते बदलू नये. आपल्या अनुच्छेद 14 मध्ये ‘कायद्याचे समान संरक्षण’ हेच शब्द आहेत, आणि ती कल्पना 1868 च्या त्याच दुरुस्तीतून आलेली आहे. दोन्हीकडे हे संरक्षण ‘व्यक्तीला’ आहे, केवळ नागरिकाला नव्हे. म्हणूनच 1886 साली सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी धोबी यिक वो यांना ते मिळाले, मग दहा वर्षांनी प्लेसी यांना का नाकारावे?

बाराखडी: ‘व्यक्ती’ जुळते, ‘राज्य’ मात्र जुळत नाही. अनुच्छेद 14 मधील ‘राज्य’ या शब्दात अनुच्छेद 12 नुसार केंद्र सरकार आणि संसदही येतात. अमेरिकेच्या त्या कलमातील राज्य म्हणजे लुइझियानासारखे घटकराज्य. त्यामुळेच 17 मे 1954 रोजी शाळांमधील ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवताना राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांसाठी न्यायालयाला पाचव्या दुरुस्तीचा स्वतंत्र आधार घ्यावा लागला. शब्दवेध, आपण भाषांतरात नुसते ‘राज्य’ लिहिले असेल, तर तिथे ‘घटकराज्य’ करावे.

रानवाट: घटकराज्य मान्य आहे, ‘वेगळीक’ नाही.