अनुभव धागा: मोबाइलमुळे तुमचं राजकारण बदललं का?

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाहीत, नुसता प्रशासक. या काळात गल्लीतलं राजकारण व्हॉट्सॲपवर राहायला गेलं, असं मला वाटतं. तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा. पक्षाचा प्रचार कृपया नको.

सेनापती बापट रस्ता:
वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाते. टेकडीवरून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या बातम्या वाचून चुकचुकायचे, बस्स. त्या रस्त्याविरुद्धच्या १५ एप्रिल २०२३ च्या मोर्चाचा मेसेज आमच्या फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. पन्नासेक जण येतील म्हणून गेले, तर हजारो लोक! वयाच्या ५८ व्या वर्षी पहिला मोर्चा. पुढे हरकतीचा तयार मसुदा फिरू लागला. नाव घाला, पाठवा. मी तो बाजूला ठेवला. रोज दिसणारे मोर, पावसाळ्यात उतारावरून येणारं पाणी, हे माझ्या शब्दांत लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. पोच मागितली तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मेल केला असता तरी चाललं असतं." चाललं असतं हो, पण मला शिक्का हवा होता.

कसबा पेठ:
२०२३ ची विधानसभा पोटनिवडणूक. काँग्रेसचे उमेदवार रवींद्र धंगेकर. भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी प्रचारात विचारलेलं 'हू इज धंगेकर?' इतकं फिरलं की आमच्या दुकानात गिऱ्हाईक साखर मागायच्या आधी तेच म्हणायचं. धंगेकर निवडून आले. पण मीममुळे आले म्हणणाऱ्यांना पेठ कळलेली नाही. त्याआधी कित्येक वर्षं ते इथले नगरसेवक होते.

बाणेर:
सोसायटीच्या ग्रुपवर नियम, 'राजकीय पोस्ट टाकू नये'. डिसेंबरात ॲडमिनच उमेदवार. नियम अजून आहे.

कर्वेनगर:
टेकडीवाल्या ताई, मी तो मसुदा जसाच्या तसा पाठवला. खालचं 'येथे आपले नाव लिहावे'सुद्धा तसंच गेलं.

धायरी:
चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. वडिलांना हे पटेचना. "एका माणसाचं एक मत, आजवर असंच केलंय." शेवटी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून समजावलं, यादीत त्यांचं नाव शोधून दिलं. शहाणपणा करून झाल्यावर मी मशीनसमोर गेले. महिनाभर मला एकाच उमेदवाराचे रील दिसत होते. बाकीच्या तीन जागांवरची नावं मी तिथेच पहिल्यांदा वाचली. मागून वडील विचारतायत, "झालं का गं?"