बेट्टी ग्रॅहम यांच्या स्मरणलेखात आई आणि उद्योजिका यांचा मेळ कसा घालावा?

निळी_शाई:
आमच्या पतसंस्थेच्या गृहपत्रिकेत दर महिन्याला एका दिवंगत उद्योजिकेवर स्मरणलेख असतो. मेच्या अंकासाठी मी ‘लिक्विड पेपर’ या पांढऱ्या खोडद्रवाच्या जनक बेट्टी नेस्मिथ ग्रॅहम यांची निवड केली आहे, कारण त्यांचे निधन १२ मे १९८० रोजी झाले. त्यांचा जन्म १९२४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस येथे झाला. सतराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली, १९४२ च्या अखेरीस मुलगा मायकेल झाला आणि १९४६ मध्ये घटस्फोटानंतर त्याला एकटीने वाढवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे त्या डॅलसच्या एका बँकेत सचिव झाल्या आणि १९७९ मध्ये त्यांची कंपनी जिलेट कंपनीने ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली. एवढा सांगाडा माझ्याजवळ तयार आहे. अडचण अशी की लेखाचे दोन तुकडे पडत आहेत: एका परिच्छेदात ‘आदर्श माता’, दुसऱ्यात ‘यशस्वी उद्योजिका’, आणि मध्ये ‘तारेवरची कसरत’ हे ठरलेले शब्द. हे तुकडे सांधायचे कसे? शिवाय दिवसा नोकरी आणि रात्री व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला वत्सल आई म्हणावे का, असा प्रश्न संपादक मंडळातील एका सदस्यांनी विचारला आहे.

कार्बन_कॉपी:
मी तीस वर्षे लघुलेखिका म्हणून नोकरी केली, त्यामुळे आधी यंत्राविषयी लिहिते; ते समजल्याशिवाय त्यांनी नेमके काय केले ते वाचकाला कळणार नाही. आमच्या जुन्या टंकलेखन यंत्राला कापडी फीत असे. अक्षर चुकले, तर टोकाला ब्रश असलेल्या खोडरबराने ते हलक्या हाताने घासायचे, खालच्या प्रत्येक कार्बन प्रतीमागे कागदाचा कपटा सरकवायचा, तीही प्रत घासायची आणि मग कागद न हलवता योग्य अक्षर मारायचे. तीन प्रतींचे पत्र असेल तर एका अक्षरापायी पाच मिनिटे जात. बेट्टीबाईंच्या बँकेत मात्र विजेवर चालणारी नवी यंत्रे आली होती आणि त्यांत कार्बनची पातळ फीत होती. तिचे अक्षर देखणे उमटे, पण खोडायला गेले की काळा फराटा उठे आणि पूर्ण पान पुन्हा टंकित करावे लागे. त्या स्वतःच सांगत की त्यांचे टंकलेखन बेताचेच होते. म्हणजे चूक झाली की वेळ गेला, वेळ गेला की साहेबांची नाराजी, आणि घरात कमावणारे दुसरे कोणी नाही. एकट्या आईला नोकरी जाण्याचे भय काय असते, ते मला वेगळे सांगायला नको.

नाताळच्या सुमारास बँकेच्या काचांवर सजावट रंगवली जात असताना त्यांच्या लक्षात आले की रंगारी चूक खोडत नाही, तिच्यावर रंगाचा हात फिरवतो. त्यांना स्वतःला चित्रकलेची ओढ होती, म्हणून ही गोष्ट त्यांच्या नजरेत भरली असावी असे मला वाटते. त्यांनी पाण्यात कालवलेला पांढरा टेंपेरा रंग एका लहान बाटलीत भरला, बारीक कुंचला घेतला आणि कित्येक वर्षे साहेबांच्या नकळत तो वापरला. (आपल्याकडे बँकेत धनादेशावर व्हाइटनर लावून नेला तर रोखपाल तो परत करतो, आणि या वस्तूचा जन्म बँकेतलाच!)

गोदाकाठ:
आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या गॅरेजमध्ये दिसते. इतर सचिव बाटल्या मागू लागल्यावर १९५६ च्या सुमारास त्यांनी ‘मिस्टेक आउट’ या नावाने विक्री सुरू केली. द्रव लवकर वाळावा आणि कागदावर दिसू नये यासाठी त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले, आणि त्यांत मुलाच्या शाळेतील रसायनशास्त्राच्या शिक्षकांची मदत घेतली. बाटल्या भरण्याचे काम मायकेल आणि त्याचे मित्र गॅरेजमध्ये करत आणि त्यांना तासाला एक डॉलर मिळे. शाळकरी मुलाला घरात बंद ठेवून आई कारखान्यात गेली, असे हे चित्र नव्हे. मुलाची शाळा, त्याचे शिक्षक, त्याचे सवंगडी हेच तिच्या कारखान्याचे पहिले मनुष्यबळ होते. त्यामुळे ‘कसरत’ हा शब्द काढून टाका. कसरतीत दोन टोके लागतात, येथे सगळे एकाच छपराखाली चालले होते.

नोकरी कशी गेली हेही अवश्य लिहा. १९५८ मध्ये बँकेच्या एका पत्राखाली त्यांनी अनवधानाने स्वतःच्या कंपनीचे नाव टंकित केले आणि त्यांना काढून टाकण्यात आले. चुका झाकण्याचे औषध विकणाऱ्या बाईची ही एक चूक तेवढी झाकली गेली नाही. त्यानंतर त्या पूर्णवेळ व्यवसायात आल्या, उत्पादनाचे नाव ‘लिक्विड पेपर’ झाले, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्री वर्षाला दहा लाख बाटल्यांवर पोहोचली आणि १९७५ पर्यंत ती अडीच कोटींवर गेली.

कार्बन_कॉपी:
गोदाकाठ यांचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे, परंतु ‘सगळे एकाच छपराखाली’ हे फार गोड चित्र होते. रात्री स्वयंपाकघरात रंग कालवणारी आई सकाळी थकलेलीच असणार, आणि मुलाला मिळालेला डॉलर हा आईच्या वेळेचा मोबदला नव्हे. संपादक मंडळातील सदस्यांच्या शंकेला भाबडे उत्तर देऊ नये. माझ्या मते खरे उत्तर पुढच्या काळात सापडते. १९७५ मध्ये डॅलस येथे कंपनीची मोठी इमारत उभी राहिली, तेव्हा तेथे कर्मचाऱ्यांसाठी ग्रंथालय आणि त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होते. मूल कोणाच्या भरवशावर ठेवून कामावर जावे, हा प्रश्न ज्या बाईने स्वतः सोसला होता, तिनेच ते बांधले. मी नोकरी करत असताना आमच्या कार्यालयात पाळणाघरासाठी दिलेला अर्ज अकरा वर्षे फायलींमधून फिरत होता. त्यामुळे ही एक ओळ मला कोटींच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

गोदाकाठ:
आक्षेप योग्य आहे, ‘छपराखाली’ मागे घेतो. शेवटची काही वर्षे मात्र घाईत उरकू नका. दुसऱ्या पतीशी १९७५ मध्ये घटस्फोट झाल्यानंतर कंपनीवरील त्यांचा ताबा सैल झाला, आणि त्यांना स्वामित्वशुल्क मिळू नये यासाठी द्रवाचे सूत्रच बदलण्याचा प्रयत्न झाला. प्रकृती ढासळत असतानाही त्या झगडल्या आणि विक्रीच्या करारात आपला हक्क त्यांनी राखला. विक्रीनंतर काही महिन्यांतच, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सुमारे पाच कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी निम्मा वाटा मायकेलला आणि निम्मा त्यांनी स्थापन केलेल्या संस्थांना मिळाला. त्यांतील एक संस्था कलाक्षेत्रातील स्त्रियांना साहाय्य करण्यासाठी होती. मायकेल तोवर ‘मंकीज’ या वाद्यवृंदातील गायक-गिटारवादक म्हणून जगभर ओळखला गेला होता, म्हणजे त्याचे नाव आईच्या पैशांवर झाले नव्हते, याची नोंद असावी.

निळी_शाई:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शीर्षकातील ‘आदर्श’ हा शब्द काढला आहे. लेखाची सुरुवात आता जन्मतारखेऐवजी फराटा उठलेल्या पानापासून करतो, पाळणाघर मधोमध आणतो आणि करारासाठीचा झगडा शेवटी ठेवतो. कार्बन_कॉपी, ब्रश लावलेल्या त्या खोडरबराचे छायाचित्र आपल्याकडे असेल तर कृपया पाठवावे. आमच्या निम्म्या वाचकांनी ती वस्तू पाहिलेली नाही.